शनिवार बरा की रविवार?

मुलांचा बायबलच्या गोष्टींचा वर्ग कोणत्या दिवशी घ्यावा, यावर वर एकांनी म्हटलंय की रविवारी चर्चमधली भक्ती संपली की लगेच मुलांना थांबवून घ्या, वेगळा दिवस कशाला. आमच्याकडे पाथर्डी भागात हे दोन महिने करून पाहिलं, नाही जमलं. भक्तीला आधीच दीड-दोन तास बसलेली पोरं, त्यात आई घरी चल म्हणून दारात उभी. मग पाळकसाहेबांनी शनिवार दुपार धरली, झेडपीची शाळा त्या दिवशी सकाळची असते त्यामुळे पोरं मोकळी (फक्त गावचा आठवडी बाजार त्या दिवशी नाही ना ते बघा).

अजून एक, जे इथे कोणी बोललं नाही, ऊसतोडीचं. दिवाळीच्या आसपास निम्मी पोरं आईबापाबरोबर कारखान्यावर जातात ती उन्हाळ्यातच परततात, म्हणून एकाला जोडून एक असे धडे लावू नका, दर शनिवारी एक गोष्ट आणि ती तिथेच संपली पाहिजे. हरवलेल्या मेंढराची गोष्ट बायबलातल्या लूक १५ मधली सांगितली तर एक पोरगा म्हणाला एकाला शोधायला ९९ मेंढरं रानात सोडून जायचं म्हणजे लांडग्याला जेवण, घरी मेंढरं आहेत ना त्याच्या! अर्धा तास त्यावरच गेला. आणि मंडळीबाहेरच्या, म्हणजे चर्चला न येणाऱ्या घरातली मुलं आली तर आधी त्यांच्या आईवडिलांना जाऊन विचारा.