म्यूझस्कोरमध्ये मांडोनंतर येणाऱ्या दुलपदाची लय नीट बसत नाही

प्रश्न (फोंडा)

मी शाळेत संगीत शिकवते. माझे स्वतःचे शिक्षण कंठसंगीताचे आणि हार्मोनियमचे असल्यामुळे स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरचे पाश्चात्त्य स्वरलेखन) मी गेल्या दोन वर्षांत, व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलांच्या सोबतीनेच शिकत आले आहे. यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी आम्ही एक मांडो (गोव्यातले संथ लयीचे कोंकणी गाणे) आणि त्याला जोडून एक दुलपद (मांडोनंतर गायचे जलद लयीचे गाणे) बसवत आहोत. दोन व्हायोलिने, गाणारी बारा मुले आणि एक घुमट (मातीचे तालवाद्य) एवढा आमचा संच आहे. मुलांना घरी सराव करता यावा म्हणून मी सगळे म्यूझस्कोर 4 या स्वरलेखनाच्या संगणक-प्रणालीत लिहून त्याचा ऑडिओ पालकांना पाठवते.

मांडो 6/4 मध्ये लिहिला असून त्याची लय 66 ठेवली आहे. ती ठीक वाजते. दुलपद 6/8 मध्ये आहे. तालमीत मी पायाने ठेका धरून मिनिटाचे ठोके मोजले, ते 80 भरले. म्हणून दुलपदाच्या पहिल्या स्वरावर टेम्पोची खूण घालून तिथे 80 लिहिले. तरीही संगणक ते इतके संथ वाजवतो की मुलांचा श्वास ओळ संपण्याआधीच सुटतो. वैतागून मी वाजवण्याच्या पट्टीवरचा स्लायडर ओढून लय मनासारखी केली आणि फाइल सेव्ह केली. दुसऱ्या दिवशी उघडली तर लय पुन्हा पहिल्यासारखीच संथ. शिवाय मांडोच्या शेवटच्या ओळीवर मी ‘रिट.’ (लय हळूहळू उतरवा) असे लिहिले आहे. ते कागदावर दिसते, पण वाजताना लय तसूभरही उतरत नाही. माझे नेमके कुठे चुकते आहे, हे कृपया कोणी सांगावे.

उत्तर (मडगाव)

ताई, आपली मोजणी बरोबर आहे. चूक आहे ती 80 या आकड्याच्या डाव्या बाजूला असलेल्या स्वरचिन्हात. टेम्पोचा आकडा कधीच एकटा नसतो. मिनिटाला कोणत्या मूल्याचे स्वर किती, हे तो सांगतो. आपण घातलेल्या खुणेत बहुधा साधा क्वार्टर नोट आहे, आणि आपण पायाने मोजलेला ठोका मात्र डॉटेड क्वार्टरचा, म्हणजे क्वार्टरच्या दीडपट लांबीच्या स्वराचा आहे.

आपल्या तालाच्या भाषेत सांगायचे तर 6/8 चे एक माप म्हणजे दादऱ्याचे एक आवर्तन समजा. सहा एट्थ नोट म्हणजे सहा मात्रा. पाय पडतो तो पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर, म्हणजे जिथे दादऱ्यात सम आणि खाली येते तिथे. त्यामुळे आपला प्रत्येक ठोका तीन मात्रांचा झाला आणि मिनिटाला 80 ठोके म्हणजे 240 मात्रा झाल्या. संगणकाला मात्र आपण क्वार्टर नोट 80 असे सांगितले. क्वार्टरमध्ये दोनच एट्थ असल्यामुळे त्याने मिनिटाला 160 मात्रा धरल्या, आणि आपल्या पायाच्या हिशेबाने तो सुमारे 53 ठोक्यांवर चालू लागला. मुलांचा श्वास सुटणारच.

उपाय सोपा आहे. दुलपदाच्या पहिल्या मापातला पहिला स्वर निवडून टेम्पो पॅलेटमधली (तयार टेम्पो-खुणांच्या यादीतली) डॉटेड क्वार्टरची खूण घ्यावी, तिच्यावर डबल क्लिक करून आकडा 80 करावा आणि जुनी खूण काढून टाकावी. साधा क्वार्टर ठेवून 120 लिहिले तरी लय तीच येईल. पण मुले कागद वाचणार असतील तर डॉटेड क्वार्टरच लिहावा, कारण त्यांचा पाय त्याच ठोक्यावर पडायचा आहे. खूण चुकून दुसऱ्या स्वरावर बसली तर पहिला स्वर मांडोच्या लयीत वाजतो, एवढे मात्र पाहून घ्यावे.

स्लायडरबद्दल: तो फक्त ऐकण्यापुरता असतो, स्वरलेखनात काहीच बदलत नाही, म्हणून फाइलमध्ये टिकत नाही. अवघड ओळ अर्ध्या लयीत घोटून घेण्यासाठी त्याचा उपयोग करावा. त्या कामासाठी तो फार चांगला आहे.

उत्तर (पेडणे)

‘रिट.’चे सांगतो. आपण ते साध्या मजकुराच्या रूपाने टाइप केले असेल, तर संगणकाच्या दृष्टीने ती नुसती अक्षरे आहेत. म्यूझस्कोर 4 मध्ये टेम्पो पॅलेटमध्येच ‘रिट.’, ‘रॅल.’ आणि ‘अ‍ॅक्सेल.’ यांच्या तुटक रेषा दिलेल्या आहेत; पहिल्या दोन लय उतरवतात, तिसरी चढवते. शेवटच्या ओळीतली मापे निवडून त्यातली हवी ती रेषा घातली की लय प्रत्यक्षात उतरत जाते, आणि किती टक्क्यांपर्यंत उतरावी हे प्रॉपर्टीजच्या पॅनेलमध्ये ठरवता येते. दुलपदाच्या आरंभी स्वतंत्र खूण असल्यामुळे पुढची लय पुन्हा स्वच्छ सुरू होईल.

मी स्वतः चवथीला घुमट आरतीत वाजवतो आणि आमच्या वाड्यावरच्या मुलांसाठी आरत्यांचे ठेके याच पद्धतीने लिहून ठेवतो. आरतीत लय एकदम उडी मारत नाही. शामेळ (काठीने वाजवायचे चर्मवाद्य) आणि कासाळे (मोठ्या झांजा) तिला हळूहळू वर ओढत नेतात. पूर्वी मी दर दोन ओळींनी मोठा आकडा लिहीत असे आणि प्रत्येक ठिकाणी धक्का बसल्यासारखे ऐकू येई. ‘अ‍ॅक्सेल.’ची रेषा वापरायला लागल्यापासून ते ऐकवण्याजोगे झाले आहे.

उत्तर (म्हापसा)

ज्यांच्या संगणकावर अजून तिसरी आवृत्ती आहे त्यांच्यासाठी लिहितो, कारण या रेषा वाजवण्याची सोय डिसेंबर 2022 मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासूनची आहे. तिसऱ्या आवृत्तीत शेवटच्या मापातल्या प्रत्येक ठोक्यावर वेगळी टेम्पोची खूण घालावी लागते, उदाहरणार्थ 66 नंतर 62, 57, 50 अशी, आणि मग एकेक खूण निवडून व्ही ही कळ दाबली की ती छापील प्रतीत दिसत नाही, पण वाजताना पाळली जाते.

प्रश्नकर्ती (फोंडा)

सर्वांचे मनापासून आभार. खुणेत खरोखरच साधा क्वार्टर होता. डॉटेड क्वार्टर 80 केल्यावर दुलपद पहिल्याच वेळी तालमीसारखे वाजले, आणि दादऱ्याच्या उदाहरणामुळे ते मला वर्गातही समजावता आले. घुमट वाजवणाऱ्या मुलाला पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी द्यायला लावून मी फाइल ऐकवली. तो एकदाही चुकला नाही. ‘रिट.’ची रेषाही घातली. आता एकच उरले आहे. मांडोच्या अगदी शेवटच्या स्वरावर फर्माटा (स्वर लांबवण्याची खूण) आहे, आणि आमच्या मुली तो स्वर संगणकापेक्षा बराच जास्त वेळ धरतात.

उत्तर (मडगाव)

फर्माटाची खूण निवडून प्रॉपर्टीजमध्ये पाहावे. तिथे स्वर किती टक्के लांबवायचा याचा आकडा असतो. 200 लिहिल्यास स्वर दुप्पट वेळ चालेल. मुली प्रत्यक्षात किती वेळ धरतात ते एकदा घड्याळ लावून मोजावे आणि मग तो आकडा ठरवावा.