अनुभव धागा : साधनेवरून उठल्यावर

इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात १९७६पासून ध्यानाची शिबिरं चालू आहेत. पहाटे चारची घंटा, जमा केलेला मोबाइल, आर्य मौन, संध्याकाळचा चहा-मुरमुरे हे सगळं आता इतक्यांनी लिहिलंय की न गेलेल्यालाही पाठ असेल. ते इथे नको. कुणाला प्रकाश दिसला, कुणाच्या अंगातून लहरी गेल्या, तेही नको. उठल्यावर घरी, ऑफिसात, लोकलमध्ये, व्हॉट्सॲपवर काय झालं तेवढं सांगा. विपश्यनावाले, वर्षावासात विहारात जाणारे, भाजे लेण्यांजवळच्या ध्यानशिबिरांना जाणारे, कुठेही न जाता घरी पंचशील म्हणणारे, सगळ्यांनी लिहा. जमलं नाही तेही चालेल.

सोसायटीचा सचिव, ठाणे

बुद्धाच्या अष्टांगिक मार्गातल्या सम्यक वाचेत, म्हणजे योग्य बोलण्यात, चार गोष्टी वर्ज्य आहेत : खोटं, चहाडी, कठोर बोलणं आणि वायफळ बडबड. पहिल्या तीन कशाबशा सांभाळतो. चौथी सगळ्यांनी पाळली तर सोसायटीचा ग्रुप बंद करावा लागेल.

मज्झिम निकाय या पाली ग्रंथात अभयराजकुमार सुत्त आहे; सुत्त म्हणजे बुद्धाचा उपदेश. गोष्ट खरी असावी, हिताची असावी, आणि दोन्ही असूनही वेळ बघून बोलावी, अशी त्यातली कसोटी. ऐकणाऱ्याला ती गोड लागेलच असं नाही. आमच्याकडे मेंटेनन्स थकवणाऱ्यांची नावं ग्रुपवर टाका म्हणून गलका झाला. नावं खरीच होती. मी ग्रुपवर काही न लिहिता एकेकाला फोन केला. एका घरात नोकरी गेली होती, त्यांना हप्ते बांधून दिले. दुसरे गृहस्थ फोनवरही तसलेच निघाले, त्यांना रीतसर नोटीस गेली. मैत्रीभावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, ठेवली म्हणून वसुली सोडायची असते असं कुठल्याही सुत्तात माझ्या वाचनात आलेलं नाही.

सॉफ्टवेअरवाला, हिंजवडी

आमच्या ऑफिसात दुपारी माइंडफुलनेसचं सत्र असायचं. त्यानंतर जागेवर येऊन मी काय करायचो? पैसे लावून खेळायचं एक ॲप होतं. हरून बाहेर पडलेल्या माणसाला रात्री कोणती सूचना पाठवली की तो परत येतो, ते शोधायचं. सत्र घेणाऱ्या बाई म्हणायच्या, श्वासाकडे लक्ष द्या, काम सुधारेल. सुधारलंच असतं, तीच तर भानगड होती.

सम्यक आजीविकेत, म्हणजे योग्य मार्गाने पोट भरण्यात, पाच व्यापार निषिद्ध सांगितलेत : शस्त्रं, प्राणी, मांस, मद्य, विष. त्यात जुगार नाही, हे मी स्वतःला बरेच दिवस ऐकवलं. पण गृहस्थांसाठीच्या सिगालोवाद सुत्तात संपत्ती बुडवणाऱ्या सहा वाटांमध्ये जुगार स्पष्ट आहे. शेवटी दुसरं काम मागून घेतलं. २०२५मध्ये कायद्यानेच अशा खेळांवर बंदी आली, ही त्याआधीची गोष्ट. आमच्या घराचा हप्ता दोघांच्या पगारातून जातो म्हणून मला मागता आलं. एकट्याच्या पगारावर घर ओढणाऱ्याला मी हे सांगायला जाणार नाही.

नागपूरकरीण

माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षाभूमीवर होती, कडेवर माझी आई. मला ध्यान कुणी शिकवलं नाही, बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा शिकवल्या. 'मी दारू पिणार नाही' ही आजोबांनी पाळली आणि पगार घरी यायला लागला. त्यामुळे धम्म म्हणजे मनःशांती असं कुणी म्हटलं की मला जरा हसू येतं. आमच्याकडे तो आधी पगाराच्या दिवशी दिसला.

मध्यंतरी मामाच्या मुलाची हळद होती. डीजे, आणि मंडपामागे 'बसायची' सोय. दुसऱ्या दिवशी त्याच मंडपात भंतेंसमोर सगळे 'सुरामेरयमज्जपमादट्ठाना वेरमणी', म्हणजे दारूपासून दूर राहीन, हे पंचशीलातलं शील म्हणणार. मी म्हटलं, मामा, सोय ठेवायची तर उद्या ही ओळ तरी गाळा. मामा लग्नभर माझ्याशी बोलले नाहीत. सोय मात्र हलली. मंडपामागून शेजारच्या गल्लीत गेली. माझ्या साधनेचं फळ सध्या एवढंच आहे.

आणि आमच्या वस्तीतल्या पोरांना नावं ठेवण्याआधी एक ऐका : जयंतीला अठरा तास अभ्यासाला बसतात ती आणि मिरवणुकीत नाचतात ती, पोरं तीच आहेत.

विपश्यना साधक, नाशिक (वरच्या ताईंना)

ताई, पटलं. पण शिबिरातही समता दिसते. साहेब असो की शिपाई, सगळे एका रांगेत आपापलं ताट धुतात.

नागपूरकरीण

दादा, ताट एका रांगेत धुतलं ते चांगलंच झालं. घरी आल्यावर मुलीचं स्थळ बघताना ती रांग टिकली का, यावर कुणी लिहिलं तर मी नक्की वाचीन.

निवृत्त, पुणे

मी मैत्रीभावना करते. स्वतः, मित्र, तटस्थ व्यक्ती, मग ज्याच्याशी पटत नाही तो, आणि शेवटी सगळे. तटस्थ म्हणजे जिच्याबद्दल प्रेमही नाही, रागही नाही. मी रोज कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना घेतलं, कारण त्यांचं नावही मला माहीत नव्हतं. काही आठवड्यांत नाव कळलं, गुडघा दुखतो ते कळलं, आणि ओला-सुका कचरा एकत्र करणाऱ्या आमच्या वरच्या मजल्याशी माझं भांडण झालं. आता त्या तटस्थ राहिल्या नाहीत, नवीन माणूस शोधावा लागला. सध्या वीजमीटरचं रीडिंग घेणारा मुलगा आहे. वरच्या मजल्यासाठी चौथी पायरी आहेच.

नाव नको

नैराश्यावर गोळ्या चालू होत्या. दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जात आजाराबद्दल विचारतात, मी खरं लिहिलं, प्रवेश मिळाला नाही. तेव्हा वाईट वाटलं, आता वाटतं बरं झालं. दहा दिवस मौनात एकट्याने मनाशी झुंजायची माझी तेव्हा ताकद नव्हती. कुणीही शिबिरासाठी गोळ्या बंद करू नका, लपवूही नका. मी सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणतो आणि चालायला जातो. डॉक्टरांना दोन्ही ठाऊक आहे.

शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा

आमच्याकडे शाळांसाठीच्या 'मित्र' या ध्यान उपक्रमात मुलांकडून दहा-दहा मिनिटं आनापान करून घेतात. नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा. मंत्र नाही, फोटो नाही. तरी पालक विचारतात, हे कुठल्या धर्माचं? मी म्हणते, वर्गात येऊन बसा. एक आजोबा खरंच आले आणि घोरायला लागले, पोरांची हसून पुरेवाट झाली.

गुणांत फरक पडला असं मी सांगणार नाही. मधल्या सुट्टीनंतरची मारामारी कमी झालीय, निदान सातवीत. आठवीचं काही सांगता येत नाही. तिथले सर स्वतः बसत नाहीत, त्या वेळात हजेरी भरतात.