बाबांची २००६ची मारुती ८००: ठेवावी की स्क्रॅपला द्यावी?

चिपळूणकरीण:
बाबांची ८०० आहे, आरसी यंदा संपतेय. गाडीला २० वर्षं झाली म्हणून रिन्यूअलची फी १०,००० (२०२५ला वाढवली, आधी ५,००० होती), वर ग्रीन टॅक्स, आणि पासिंगला न्यायच्या आधी जे काम करावं लागेल ते वेगळंच. सायलेन्सरमधून निळा धूर येतो, ऑइल खाते, दाराखालचा पत्रा फुगलाय. भाऊ म्हणतो देऊन टाक. माझं मन होत नाही. बाबा गेल्यापासून आई दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसायला नकोच म्हणते, या गाडीत मात्र स्वतःहून पुढे जाऊन बसते. पण मामाकडे कराडला जायचं म्हणजे कुंभार्ली घाट आलाच. काय करू?

स्पॅनर_पाना:
ताई ठेवा. निळ्या धुराला घाबरू नका, सकाळी स्टार्ट केल्यावर थोडा येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील (ऑइल अडवणारी रबरं) गेलेत, चढावर रेस दिल्यावर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, गावातला कुठलाही मिस्त्री खोलतो. ८०० बंद झाली २०१४ला पण ऑम्नी त्याच इंजिनावर २०१९पर्यंत येत होती, पार्ट मिळतात. फक्त आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आहे, ते जुनं रबर खातं, तर पेट्रोलचे रबरी पाइप आधी बदला, जुना पाइप चिरून इंजिनावर पेट्रोल गळायला लागलं तर आगीचा धोका.

रोज_पुणे_मुंबई:
सगळे इंजिनावरच बोलतात. अहो या गाडीला एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक न होऊ देणारी सोय) नाही, वजन ६५० किलोच्या आसपास. समोरून आजची दीड टनाची एसयूव्ही आली तर काय होणार? आईंना पुढच्या सीटवर बसवताय आणि घाटात नेताय. बाबांची आठवण म्हणून ठेवायचं तर स्टिअरिंग काढून ठेवा, फोटो ठेवा. रस्त्यावर नको.

जुनंच_बरं:
हे पटत नाही. त्याच घाटातून माणसं बाईकवर बायकोपोरांना घेऊन जातात, त्यांना कोण अडवतं? महिन्यातून चार वेळा बाजारात आणि दवाखान्यात जाणारी गाडी, स्पीड ४०. त्यासाठी सात-आठ लाखांचं कर्ज काढायचं? आणि पर्यावरणाचं म्हणाल तर नवीन गाडी बनवायलाही लोखंड आणि वीज लागतेच की, इतकी कमी चालणारी गाडी मोडून नवीन घेण्यात हवेचा काय फायदा ते मला कुणी समजावून सांगा.

रोज_पुणे_मुंबई:
ऑइल जाळणारी गाडी ना, मग हवेचं कशाला सांगता. आणि बाईकवाले धोका घेतात म्हणून आपणही घ्यायचा?

पाटलांचा_बंड्या:
१५ वर्षांनी बंदी आहे ना पेट्रोलला? मग प्रश्नच मिटला.

स्पॅनर_पाना:
ते दिल्ली-एनसीआरचं. आपल्याकडे फिटनेस पास झाली की पाच वर्षं वाढवून मिळतात.

पत्र्याचं_काम:
मी टिंकरिंगवाला, माझं ऐका. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसी (खालचा सांगाडा) नसते, बॉडी हीच चॅसी, सगळा जोर त्या दाराखालच्या पट्टीवर आणि फ्लोअरवर असतो. कोकणात पत्रा आतून सडतो आणि वरून रंग चांगला दिसतो, फुगवटा दिसला म्हणजे आत बरंच गेलेलं असतं. लिफ्टवर चढवा, मॅटिंग उचला, स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा, पट्टीत आणि पुढच्या शॉकअपच्या माऊंटिंगला. माऊंटिंगला टोक आत गेलं तर इंजिनावर एक रुपया घालू नका. पट्टीपुरतं असेल तर सडका भाग कापून नवीन पत्रा वेल्डिंग होतो. पण कुणी फायबर आणि लांबी (पुट्टी) भरून रंग मारून देतो म्हणाला तर गाडी तिथून परत आणा, हा धंदा फार चालतो आणि त्यात माणसं मरतात.

आरसी_बुक:
द्यायची ठरली तर नाक्यावरच्या भंगारवाल्याला नको. तो पैसे जास्त देईल पण आरसी तुमच्याच नावावर राहील, उद्या चॅसी नंबर दुसऱ्या गाडीवर ठोकला तर पोलीस तुमच्या दारात. रजिस्टर्ड स्क्रॅप सेंटरला द्या, सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं, त्यावर नव्या गाडीची रजिस्ट्रेशन फी माफ आणि टॅक्समध्ये सवलत. आरसी रद्द झाल्याचा कागद हातात घेतल्याशिवाय विषय सोडू नका.

जुनंच_बरं:
आईंना कुणी विचारलंय का? गाडी त्यांच्या नवऱ्याची आहे.

चिपळूणकरीण:
काल विचारलं. म्हणाली बाजारात न्यायला तरी राहू दे, घाटाचा हट्ट नाही. या आठवड्यात लिफ्टवर चढवतेय, मी स्वतः खाली उभी राहून टोचून बघणार. माऊंटिंग सडलेलं निघालं तर स्क्रॅप, आणि ते आईला मी सांगेन, भाऊ नाही. पट्टीपुरतं असेल तर पत्रा, पाइप, सील करून पासिंग. कराडला एसटीने.

रोज_पुणे_मुंबई:
घाट सोडलात ते बरं केलंत. बाकी माझं मत तेच, गावातल्या रस्त्यावरही डंपर असतात.