मदत हवी आहे: सोसायटीतली २२ मुलं, दोन रात्री तंबूत. सॅक कोणी भरायची?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या सोसायटीतली २२ मुलं (वय ९ ते १३) भंडारदऱ्याला दोन रात्री तंबूत राहायला जाणार आहेत. मधल्या दिवशी बारी गावातून कळसूबाई. सोबत पाच मोठी माणसं, त्यातले दोघं नेहमी डोंगरात असणारे. गाडी, जेवण, तंबू सगळं ठरलंय. मीटिंगला मी जरा उशिरा पोचले, तोवर 'मुलांचं सामान' हे खातं माझ्या गळ्यात पडलेलं होतं.

हसू नका. मागच्या वर्षी राजगडला गेलो होतो तेव्हाचं सांगते, म्हणजे प्रश्न कळेल. यादी तेव्हाही पाठवली होती, आईबाबांच्या ग्रुपवर, चांगली दोन पानी. तरी एक चिरंजीव चाकांची बॅग घेऊन हजर. गुंजवण्यातून चोर दरवाजापर्यंत ती बॅग दोन बाबांनी आळीपाळीने खांद्यावर वाहिली. दोन मुलींच्या पायात आदल्या दिवशी घेतलेले करकरीत बूट, पद्मावती माचीवर पोचेपर्यंत टाचांना फोड. एकाची टॉर्च सॅकमध्ये दाबली जाऊन दिवसभर आतल्या आत जळत राहिली आणि रात्री हवी तेव्हा ढिम्म. खाऊचं तर विचारूच नका. चकल्यांचा स्टीलचा डबा गडावर नेणारे आम्हीच पहिले असू.

पण मला खरं लागलं ते माझ्याच मुलाचं. त्याची सॅक मी भरली होती. घड्या घालून, पिशव्यांवर नावं चिकटवून. रात्रभर पोरगं कुडकुडलं. घरी येऊन सॅक उपसली तर स्वेटर, कानटोपी, लोकरीचे मोजे तळाशी, घडीसुद्धा मोडलेली नाही. "आई, तू हे दिलं होतंस? मला काय माहीत!" यादीप्रमाणे त्याची सॅक अगदी बिनचूक होती.

म्हणून यंदा मी हट्टाने ठरवलंय की सॅक मुलांनीच भरायची. आता अडचणी.

नऊ वर्षांच्या मुलाला 'तुझं तू भर' म्हटलं की तो पत्ते, फुटबॉल आणि एक चड्डी घेऊन तयार होतो. वर मुलं झोपली की आया (मी धरून) सॅक पुन्हा भरतात, ते कसं थांबवायचं? एका काकांचं म्हणणं, आदल्या संध्याकाळी क्लबहाउसमध्ये सगळ्यांच्या सॅक उघडून तपासू. बारा-तेरा वर्षांच्या मुलींच्या सॅक चारचौघांत उघडायच्या? मला नाही पटत. पण न तपासता २२ मुलं थंडीत न्यायची हिंमतही नाही.

आणि वजन. २०२०च्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या १० टक्के म्हटलंय. माझा मुलगा ३४ किलोचा, म्हणजे ३ किलो ४०० ग्रॅम. त्याची स्लीपिंग बॅगच दीड किलो भरते.

अनुभवी लोकांनी कृपया सांगा. 'आमच्या वेळी असं काही नव्हतं' छापाचे प्रतिसादही चालतील, पण सोबत काहीतरी उपयोगी लिहा.

—

रानवाटा:
पहिली चूक यादी आयांना पाठवण्याची. यादी मुलांच्या हातात कागदावर द्या. लहानांना चित्रं काढायला लावा, स्वतः काढलेली कानटोपी मूल विसरत नाही. आईने समोर बसायचं, पण हात मांडीवर. विचारायचं फक्त, "रात्री लघवीला उठलास तर काय काय लागेल?" टॉर्च, चपला, स्वेटर ही उत्तरं त्याची त्यालाच सापडतात.

मग खरी परीक्षा. खोलीतला दिवा घालवा आणि म्हणा, टॉर्च काढून दाखव. आता कानटोपी. आता कोरडे मोजे. मिनिटभरात निघालं तर सॅक भरली म्हणायचं. ज्याची सॅक आईने रात्री पुन्हा भरलीय तो इथे लगेच पकडला जातो. 🙂

वजनाची काळजी नको. तुमचा मुक्काम खालीच आहे, मोठी सॅक गाडीतून तंबूपर्यंत जाणार. कळसूबाईला फक्त शाळेची जुनी पाठपिशवी: पाणी, खाऊ, टोपी, एक गरम कपडा. हातात काही नको, शिड्यांवर दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणजे यादीत दोन पिशव्या लिहा. हे बहुतेक जण विसरतात.

पुणेरी_मिसळ:
आमच्या वेळी एक चादर आणि एक ताटली घेऊन जायचो. एकदा कुडकुडला ना, पुढच्या वेळी बरोबर शोधेल. हे माझं वैयक्तिक मत.
(उपयोगी काहीतरी: ताटलीवर नाव कोरून घ्या. २२ स्टीलच्या ताटल्या सारख्याच दिसतात.)

धागाकर्ती:
@पुणेरी_मिसळ, ताटलीचं लिहून घेतलं. कुडकुडण्याचं नाही. धरणाकाठची डिसेंबरची पहाट आणि नऊ वर्षांचं मूल, हा प्रयोग मी दुसऱ्यांच्या मुलांवर करणार नाही.

जुनी_गाइड:
शाळेत गाइडमध्ये होते. तिथे सगळं सामान तंबूसमोर चादरीवर ओळीने मांडायचं आणि बाई बघून जायच्या. तुम्ही हेच घरोघरी करा. मुलाने पलंगावर सामान मांडायचं, एक फोटो काढून फक्त तुम्हाला पाठवायचा, ग्रुपवर नाही. मग सॅक भरायची. २२ फोटो चहा पिता पिता बघून होतात.

मुलींचं म्हणताय ते अगदी बरोबर. उपाय सोपा आहे: प्रत्येकाला, मुलग्यांनासुद्धा, एक गडद रंगाची 'न उघडायची' पिशवी. आतले कपडे, पॅड्स, जे काय खासगी ते त्यात. ती फोटोत बंदच दिसेल. मुलींच्या आयांना वेगळा निरोप द्या की पाळी सुरू झालेली असो वा नसो, पॅड्स आणि कागदात गुंडाळून टाकायला जाड पिशवी द्या. डोंगरात पहिल्यांदाच आली तर धांदल उडते. आणि सोबत एक तरी बाई आहे ना? तुम्ही लिहिलं नाहीत.

औषधं मात्र त्या पिशवीत अजिबात नकोत.

शिबिरवाला:
औषधांबद्दल वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. दम्याचा पंप असेल तर तो मुलाच्या खिशात किंवा पाठपिशवीत, आणि दुसरा मोठ्यांकडे. तंबूत राहिलेला पंप कळसूबाईच्या वाटेवर काय कामाचा? शेंगदाण्यासारखी कशाची ॲलर्जी असेल तर आधी लेखी मागवा, कारण आपला सगळा ट्रेकचा खाऊ म्हणजे चिक्की, नाहीतर गूळ-शेंगदाणे.

बाकी सुटं सुटं लिहितो. टॉर्चमधला एक सेल उलटा घालून पाठवा, सॅकमध्ये चुकून पेटणार नाही. पण हे मुलाला माहीत हवं, नाहीतर तुमच्या स्वेटरचाच किस्सा पुन्हा! बूट दोन आठवडे खाली खेळताना वापरलेले असावेत. पायाची नखं कापलेली हवीत, उतरताना अंगठे पुढे आदळतात. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. झोपायचे कपडे वेगळ्या प्लास्टिक पिशवीत, ते दिवसा घालायचे नाहीत. पहाटे तंबू आतून दवाने ओला होतो, सॅक कापडाला टेकवून ठेवली तर कपडे ओलसर.

मोबाइल नकोच. आयांना सुचत नसेल तर मोठ्यांच्या एका फोनवरून रात्री एक फोटो ग्रुपवर, बस.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. @जुनी_गाइड, आम्ही दोघी आहोत. दिवा घालवायचा खेळ घरी करून बघितला. चिरंजीवांना टॉर्च सापडली, मोजे शोधताना आधी फुटबॉल निघाला.

धागाकर्ती (सहलीनंतर):
परत आलो. २२ पैकी १९ फोटो वेळेवर आले, उरलेल्या तिघांच्या घरी जाऊन बसले. एका आजींनी तरी गुपचूप लाडवांचा डबा खुपसलाच होता, तो पहिल्याच रात्री संपला, तक्रार नाही. पहाटे तीनला माझ्या मुलाने अंधारात स्वतःची कानटोपी काढली आणि शेजारच्याचीही शोधून दिली. एक मुलगा ताटली विसरला, डब्याच्या झाकणात जेवला.

पण एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नव्हती, परतीची सॅक! स्लीपिंग बॅग तिच्या पिशवीत परत कोंबायला एकालाही येत नव्हतं. निघायच्या सकाळी पाच मोठी माणसं तासभर २२ बॅगा गुंडाळत बसली होती. नऊ वर्षांच्या हातांना जमेल अशी काही युक्ती आहे का? पुढची सहल फेब्रुवारीत आहे.