फिल्म फोटोग्राफीचा क्लास: प्रिंटिंगचा दुसरा भाग करावा का नुसतं स्कॅनिंग पुरेल?

रोल_संपला

नमस्कार मंडळी, पुण्यात वीकेंडचा ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा क्लास लावलाय, त्याचा पहिला भाग (शूट करणं आणि आपला रोल आपणच डेव्हलप करणं) संपत आलाय. दुसरा भाग म्हणजे डार्करूम प्रिंटिंग. त्याची फी जास्त आहे आणि पेपरचा खर्च ज्याचा त्याने करायचा. मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला, पैसे ट्यूशन घेऊन जमवलेले, त्यामुळे जरा विचारून मगच उडी मारावी म्हटलं.

आधी क्लासबद्दल सांगते कारण इथे अधूनमधून कुणीतरी विचारत असतं. क्लासमधून पेंटॅक्स के-१००० वापरायला मिळतो, सोबत ५० एमएमची एकच लेन्स, बाकी काही नाही. ऑटो नाही, फोकस हाताने, व्ह्यूफाइंडरमध्ये उजवीकडे एक काटा वरखाली होतो तो मध्यावर आणायचा एवढंच मीटरिंग. मीटरला ऑनऑफचं बटणच नाहीये, प्रकाश आत गेला की बॅटरी खातो, म्हणून सर सारखे ओरडतात की लेन्सचं टोपण लावा. पहिल्या दिवशी तर कॅमेरा हातातच दिला नाही, वाया गेलेले जुने रोल दिले आणि डेव्हलपिंगच्या टाकीतल्या रीळावर चढवायला लावलं, आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग काळ्या पिशवीत हात घालून. पिशवीत हात घामेजतात आणि फिल्म अर्ध्यात अडकते आणि बाहेर काढून बघताही येत नाही, त्या क्षणी जो वैताग येतो तो शब्दात सांगता येणार नाही. सरांची ट्रिक अशी की फिल्मचं टोक दोन भोकांच्या मध्ये कापायचं आणि कोपरे गोल करायचे, मग सरसर चढते. आणि मला वाटायचं डार्करूममध्ये लाल दिवा लावून सगळं चालतं, तर ते फक्त पेपरसाठी, फिल्मला मिट्ट काळोखच लागतो.

डेव्हलपर डी-७६, तो पण सर पाकिटातला आणत नाहीत, काट्यावर तोलून बनवतात. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५, सोडियम सल्फाइट १०० आणि बोरॅक्स २. हा फॉर्म्युला १९२० च्या दशकातला आहे आणि अजून तसाच चालतो हे मला भारी वाटलं. एचपी-५ ला (आम्ही वापरतो ती फिल्म) २० अंशाला साडेसात मिनिटं, दर मिनिटाला दहा सेकंद टाकी उलटीसुलटी करायची. मग फिक्सर, धुणं, आणि झाकण उघडून ओली फिल्म बाहेर काढली की... असो, ज्यांनी केलंय त्यांना माहितीये.

आता मुद्दा. जूनमध्ये पालखीचा रोल काढला, दिवेघाटात. लॅबकडून स्कॅन करून घेतले, एकदम झकास दिसतात, इन्स्टावर लोकांनी पण बरंच काय काय लिहिलं. सरांनी निगेटिव्ह लाइटबॉक्सवर धरून पाहिली, काहीच बोलले नाहीत, फक्त म्हणाले "प्रिंट करायला बसशील तेव्हा बोलू". आता हे काय समजायचं? बॅचमधले बाकीचे म्हणतायत की शेवटी फोटो फोनवरच बघायचा आहे तर प्रिंटिंगवर पैसे कशाला. तुम्ही काय केलं असतं?

हायपो_आणि_मी

तुझे सर काय बघून गप्प बसले ते न बघता सांगतो. निगेटिव्ह पातळ असणार, म्हणजे फिल्मला प्रकाश कमी मिळालेला.

कसं होतं, मीटरला समोर काय आहे ते कळत नाही, समोर जे असेल ते करडं आहे असं धरून तो आकडा देतो. दिवेघाटात भर उन्हात पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, सगळी फ्रेम पांढरीशुभ्र, तू इमानदारीत काटा मध्यावर आणलास, मीटरने त्या पांढऱ्याला करडं केलं आणि उन्हाने रापलेले चेहरे, तेही टोपीच्या सावलीतले, ते गेले पार खाली. तिथे फिल्मवर जवळजवळ काहीच उमटलेलं नसणार.

मग स्कॅन झकास कसे दिसतात? कारण लॅबचं मशीन प्रत्येक फ्रेम वेगवेगळी सुधारतं. पातळ असेल तर उचलतं, जाड असेल तर दाबतं, तुझ्याकडे फाइल येते तेव्हा छत्तीसच्या छत्तीस एकसारख्या उजेडात काढल्यासारख्या. दोन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) घोळ असला तरी तुला पत्ता लागत नाही. बघणाऱ्याच्या दृष्टीने ठीकच आहे, पण तू शिकतेयस ना, मग काय चुकतंय ते तुला सांगणार कोण?

प्रिंटिंगमध्ये पहिलं काम काँटॅक्ट शीट. सगळ्या पट्ट्या एका पेपरवर ठेवायच्या, वर काच, आणि एकच एक्स्पोजर सगळ्यांना. ते किती द्यायचं ते असं ठरवायचं की फिल्मची कोरी कडा, जिथे भोकं असतात ती, पेपरवर जेमतेम पूर्ण काळी झाली पाहिजे, त्याच्यापुढे एक सेकंद नाही. आता या एक्स्पोजरला ज्या फ्रेम बरोबर दिसतील त्या बरोबर, ज्या काळ्याकुट्ट येतील त्या अंडर. कुणाचं मत विचारायला नको, सर नकोत, इन्स्टा नको. माझं पहिलं काँटॅक्ट शीट पाहून मला एका नजरेत कळलं की सावलीत मी बरा काढतो आणि उन्हात माती खातो, स्कॅन बघून हे कधीच दिसलं नव्हतं.

दुसरं म्हणजे हाताचं काम. एनलार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून पेपरवर पाडणारं यंत्र) चेहरा काळा येतोय, तर तारेच्या टोकाला चिकटवलेला पुठ्ठ्याचा बारीक गोल तुकडा घेऊन बारा सेकंदांतले तीन सेकंद त्या चेहऱ्यावर सावली धरायची, आणि हात सतत हलता ठेवायचा, थांबला की तिथे गोल डाग. मग तो पेपर डेव्हलपरमध्ये सोडायचा. लाल उजेडात आधी टोपीची कड येते, मग मिशी, मग डोळे. ज्या निगेटिव्हमध्ये चेहऱ्यावर काही आहेच नाही तिथे किती पण सावली धर, नुसता राखाडी चिखल येतो. हे तीनदा केलंस की पुढच्या वारीत आपोआप आपल्या तळहातावर मीटर करशील आणि एक स्टॉप वर उघडशील. क्लास कर.

मॅक्रोवाला

वरच्यांच्या निदानाशी सहमत, औषधाशी नाही.

स्कॅन वाईट नसतो, ऑटो स्कॅन वाईट असतो. डिजिटल कॅमेरा असेल कुणाचा तर मॅक्रो लेन्स लाव, खाली लाइट पॅनल, कॅमेरा मॅन्युअलवर, रॉ मध्ये (कॅमेऱ्याने न सुधारलेली फाइल), आणि अख्खा रोल एकाच शटर एकाच अ‍ॅपर्चरला काढ. वर सांगितलेलं काँटॅक्ट शीटचं लॉजिक जसंच्या तसं मिळालं की नाही? कोरी कडा सगळ्या फ्रेममध्ये सारखी ठेवायची, बाकी जे दिसतं ते दिसतं. पेपरचा खर्च शून्य.

आणि एक प्रॅक्टिकल प्रश्न कुणी विचारतच नाहीये, क्लास संपल्यावर ही मुलगी प्रिंट करणार कुठे? पुण्यात टू बीएचके मध्ये एनलार्जर ठेवणार? बाथरूमला काळा कागद लावून रात्री अकरानंतर? मी दोन वर्षं केलंय, आई ट्रे ओलांडून दात घासायला जायची. तेवढ्या पैशात किती रोल येतील बघ, आज एक रोल हजाराच्या आगेमागे पडतो. शंभर फुटांचा डबा घेऊन स्वतः भरलास तर त्यात छत्तीसचे अठराएक रोल निघतात आणि अजून स्वस्त पडतं. शिकायचंय तर जास्त शूट कर, हे माझं मत. लोक डार्करूमबद्दल जरा जास्तच हळवे होतात.

हायपो_आणि_मी

@मॅक्रोवाला हळवेपणाचा आरोप मान्य :) पण एक सांगा, एकाच एक्स्पोजरला स्कॅन करून कंप्युटरवर घेतल्यावर तुम्ही खरंच स्लायडर ओढत नाही? मी तर ओढतो. पेपरला स्लायडर नाही एवढाच माझा मुद्दा आहे.

मॅक्रोवाला

ओढतो. 😄

स्टुडिओवाले_काका

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. आमचा सांगलीकडे स्टुडिओ होता, वडिलांचा, नंतर मी चालवला. पासपोर्ट, लग्नं, शाळेचे ग्रुप. इंदू म्हणून आपल्याच देशातला माल यायचा, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा, पेपर पण त्यांचा, आता ती कंपनीही नाही. कलर लॅब आल्या आणि आमची डार्करूम स्टोअररूम झाली.

मुली, तुला फी भरायच्या आधी एक फुकटची परीक्षा सांगतो. निगेटिव्ह घे आणि वर्तमानपत्राच्या छापील मजकुरावर ठेव, चांगल्या उजेडात. निगेटिव्हमधला सगळ्यात काळा भाग, म्हणजे तुझं पांढरं धोतर, त्याच्यातून खालची अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. खटाखट वाचता येत असतील तर पातळ आहे, अजिबात दिसत नसतील तर जाड. मग सावलीचा भाग बघ, तिथे काहीतरी रेघोट्या, पोत दिसला पाहिजे, नुसती कोरी काच दिसली तर तिथे देव आला तरी काही निघणार नाही. वडील लाइटबॉक्स वगैरे काही वापरायचे नाहीत, सकाळचा पेपर आणि खिडकी.

दुसरं, तुमच्या २० अंशाबद्दल. उन्हाळ्यात नळाचं पाणीच तीसच्या आसपास असतं, आम्ही बर्फाच्या लादीचा तुकडा आणून ट्रेमध्ये डेव्हलपरची बाटली ठेवायचो. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, बाहेर ठेवायचा, हे सांगावं लागतं कारण पोरं टाकतात. तापमान चढलं की वेळ कमी करायची, अंशामागे साधारण दहा टक्के धर, म्हणजे साडेसात मिनिटांचं काम चोवीस अंशाला पाच मिनिटांवर येतं, त्याच्या खाली जाऊ नये, फिल्मवर पट्टे पडतात. त्यापेक्षा डेव्हलपरमध्ये निम्मं पाणी घालायचं, वेळ वाढते आणि हाताशी राहते.

तिसरं, वापरलेला हायपो, म्हणजे फिक्सर, मोरीत ओतू नका. त्यात चांदी असते. आमच्याकडे तो विकत न्यायला माणूस यायचा, एक्स-रे वाल्यांकडचा पण तोच न्यायचा. आता कोण नेतं माहीत नाही, तुझ्या सरांना विचार ते काय करतात.

प्रिंटिंग शिकावं का, तर मी म्हणेन शीक, पण या मॅक्रोवाल्यांचं पण बरोबर आहे, घरात जागा लागते आणि घरच्यांची सहनशक्ती लागते.

लंडनहून_मुक्ता

इथे कम्युनिटी डार्करूम असतात, तासावर भाड्याने, केमिकल त्यांचं, आपण निगेटिव्ह आणि पेपर घेऊन जायचं. तुझ्या क्लासवाल्यांना विचारून बघ ना, क्लास नसेल तेव्हा त्यांची डार्करूम रिकामीच असणार, जुन्या विद्यार्थ्यांना तासावर देतात का. तसं असेल तर मॅक्रोवाल्यांचा "नंतर कुठे करणार" हा प्रश्न सुटतो. आणि पहिल्यांदा आरसी पेपरच घे, प्लास्टिकचा थर असलेला, दोनचार मिनिटांत धुऊन होतो आणि वाळताना वाकडा होत नाही. फायबर पेपर दिसायला सुरेख पण धुवायलाच तासभर लागतो, सुरुवातीला त्याच्या नादी लागू नको.

रोल_संपला

सगळ्यांचे खूप आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं.

काका, तुमची परीक्षा लगेच घेतली. घाटातल्या फ्रेममधून बातमी फुलस्टॉपसकट वाचता येतेय :( म्हणजे हायपोदादांनी न बघता सांगितलं ते खरंच. पण गंमत म्हणजे त्याच रोलवर सासवडच्या आधी एका झाडाखाली बसलेल्या आजींचे जे चारपाच काढले होते, चहा पिताना, ते मात्र तुम्ही म्हणता तसे, अक्षरं जेमतेम लागतायत आणि लुगड्याच्या निऱ्या पण दिसतायत. इन्स्टावर मी ते टाकलेच नव्हते, कारण स्कॅनमध्ये घाटातले जास्त भारी दिसत होते.

मुक्ताताई, सरांना मेसेज केला, तासावर देतात म्हणाले, पण दुसरा भाग केलेल्यांनाच. हुशार आहेत. मॅक्रोवाले, एका मैत्रिणीकडे मॅक्रो लेन्स आहे, तुमच्या पद्धतीने हा रोल एकदा काढून बघते, तोवर फीचा पहिला हप्ता जमतोय का बघते. बॅचमधली अजून एक जण तयार आहे, शंभर शीटचा एक डबा दोघीत घ्यायचा असं चाललंय. तो डबा घरी ठेवला तर चालतो का, की फ्रीजमध्ये वगैरे लागतो?

स्टुडिओवाले_काका

ओल नसलेल्या कपाटात ठेव, पुरे. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी टाक, लेन्सच्या पिशवीत पण टाक, बुरशी एकदा लागली की लेन्स गेली. आणि डब्यावर ठळक अक्षरात मराठीत लिही, उघडू नये म्हणून. आमच्याकडे पाहुण्यांच्या पोराने आत फोटो आहेत का बघायला अख्खा डबा उघडला होता, आणि परत नीट बंद करून जागेवर ठेवला होता, त्यामुळे चार दिवस आम्हाला कळेना की प्रिंट काळे का येतायत.