मदत हवी आहे: वर्गणीचं सॉफ्टवेअर सोडून मराठी छपाईचं काम कशावर करावं?

टाइपपेटी
दोन मशीन, ८ जीबी रॅम, विंडोज. कामं: लग्नपत्रिका (स्क्रीन प्रिंटिंग आणि ऑफसेट दोन्ही), बिलबुकं, फ्लेक्स आणि १६० पानी दिवाळी अंक. सध्या ॲडोबीचे इलस्ट्रेटर, फोटोशॉप, इनडिझाइन. वर्गणीची मुदत पुढच्या महिन्यात संपते, वाढवायची नाही. जुन्या कामांत पेजमेकर आणि कोरलच्या फायली भरपूर, त्यातला मजकूर श्रीलिपीतला (युनिकोडच्या आधीचे फॉन्ट).
यातलं काय सुटेल आणि काय अडेल? 'फुकट सॉफ्टवेअर'च्या याद्या नकोत, त्यांत देवनागरीचा विचारच नसतो.

काळी शाई
नवीन काय घ्यायचं ते नंतर बघा. मुदत संपायच्या आत आधी हे उरका.

इनडिझाइनची मूळ फाइल दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर नीट उघडत नाही. प्रत्येक अंक 'पॅकेज' करा आणि आयडीएमएल (इनडिझाइनचंच, इतरांना वाचता येणारं रूप) व पीडीएफ या दोन्ही खुणा चालू ठेवा. आयडीएमएल स्क्रायबसमध्ये (पानं लावायचं मोफत सॉफ्टवेअर) उघडते. मजकूर आणि चौकटी येतात, बारीक मांडणी हलते, तेवढी हाताने लावावी लागते. वर्गणीबरोबर मिळालेले फॉन्ट पॅकेजमध्ये येत नाहीत आणि मुदत संपली की मशीनवरूनही जातात. ते कुठे वापरलेत ते आत्ताच शोधून ठेवा.

इलस्ट्रेटरची फाइल 'पीडीएफ कम्पॅटिबल' खूण लावून सेव्ह केली असेल तरच इंकस्केपमध्ये (रेषाचित्रं काढायचं मोफत सॉफ्टवेअर) उघडते. शिवाय प्रत्येकाची एसव्हीजी (रेषाचित्राची खुली फाइल) प्रत काढा.

पेजमेकर ६.५ आणि ७ च्या फायली लिब्रेऑफिस ड्रॉ उघडतं. कोरलच्या फायली ड्रॉ आणि इंकस्केप दोन्ही उघडतात. पण सीडीआर (कोरलची फाइल) *लिहिता* यातल्या एकालाही येत नाही. प्रेसवाला 'कर्व्ह करून (अक्षरांचे आकार करून) सीडीआर पाठवा' म्हणत असेल तर त्याला पीडीएफवर आणावं लागेल. ऐकतच नसेल, तर कोरल अजून एकरकमी विकत मिळतं. एका मशीनपुरतं घेऊन टाका, त्यात कमीपणा काही नाही.

वेलांटी
सॉफ्टवेअर निवडायची माझी परीक्षा एका ओळीची आहे. युनिकोड फॉन्टमध्ये हे टाइप करा: मूर्तींना, दुसऱ्या, ऱ्हस्व, राष्ट्र, विठ्ठल, कृष्णार्पण, निर्मिती. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, रफार सुटला किंवा पाय मोडलेला दिसला, की ते सॉफ्टवेअर मराठी मजकुरासाठी बाद.

इंकस्केप आणि गिंप (फोटो सुधारायचं मोफत सॉफ्टवेअर) यात पास होतात. स्क्रायबस १.४ नापास, १.६ पास. ही १.६ आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली, त्यामुळे नेटवरचे त्याआधीचे 'स्क्रायबसला मराठी जमत नाही' छापाचे शेरे सोडून द्या. ॲफिनिटी २ (ॲडोबीला पर्याय म्हणून वापरतात ते) नापास. ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅनव्हाने ॲफिनिटी नव्या रूपात फुकट केलं. चित्र, फोटो आणि मांडणी एकाच ठिकाणी होते, पण तुमच्या मशीनवर वरची ओळ टाइप केल्याशिवाय त्यावर अंक लावायला घेऊ नका. शीर्षकापुरती पळवाट आहे: अक्षरं इंकस्केपमध्ये जुळवा, 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा (म्हणजे अक्षरांचे आकार होतात) आणि एसव्हीजी म्हणून ॲफिनिटीत न्या.

फॉन्ट: अंकाच्या मजकुराला तिरो देवनागरी मराठी, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. पत्रिकेच्या मथळ्याला रोझा वन किंवा यात्रा वन, फ्लेक्सला बलू. सगळे मोफत, व्यावसायिक कामालाही चालतात.

श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, पण बदलकावर डोळे मिटून विश्वास नको. 'ऱ्या'चा 'र्या' होतो, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. मुद्रितशोधन पुन्हा करावंच लागेल.

टाइपपेटी
आभार. पत्रिका इंकस्केपमध्ये करून स्क्रायबसमधून पीडीएफ काढली. दोन घोटाळे: गणपतीमागची मऊ सावली गायब, आणि काळा मजकूर चारही प्लेटवर आला. शिवाय पीडीएफ/एक्सचे (छपाईसाठीच्या पीडीएफचे) पर्याय यादीत दिसतच नाहीत.

काळी शाई
तिन्ही नेहमीचे आहेत.

सावली: इंकस्केपचा 'ब्लर' हा फिल्टर आहे आणि स्क्रायबस एसव्हीजी घेताना फिल्टर सोडून देतं. सावलीचा तुकडा इंकस्केपमधून ३०० डीपीआयला पीएनजी काढून स्क्रायबसमध्ये चित्र म्हणून ठेवा. ग्रेडियंट मात्र एसव्हीजीतून येतात.

काळा: इंकस्केपमधली फाइल आरजीबीतली (पडद्याचे रंग). तिथला काळा सीएमवायकेत (छपाईच्या चार शाया: सी निळसर, एम किरमिजी, वाय पिवळी, के काळी) बदलताना चार शायांचा होतो. मग रजिस्टर (रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं) केसभर जरी सरकलं तरी १० पॉइंटच्या अक्षराला रंगीत कड दिसते. स्क्रायबसमध्ये 'एडिट'खाली 'कलर्स अँड फिल्स' उघडा. एसव्हीजीतून आलेले रंग 'फ्रॉमएसव्हीजी' नावाने बसलेले असतात. काळा निवडा, मॉडेल सीएमवायके करा, सी, एम, वाय शून्य आणि के १००. एकदा बदललं की कामभर बदलतो. कुंकवाचा लाल, हळदीचा पिवळा हेही तिथेच ठरवा: एम १०० वाय १०० असा सरळ आकडा दिला तर प्लेटवरही तोच मिळतो.

पीडीएफ/एक्स: 'डॉक्युमेंट सेटअप'मध्ये कलर मॅनेजमेंट चालू केल्याशिवाय ते पर्याय उमटत नाहीत. रंगांचं प्रोफाइल कुठलं ते प्रेसला विचारा. ब्लीड (कापण्यासाठी सोडलेली जादा कड) ३ मिमी. पारदर्शक थर असतील तर एक्स-४, कारण एक्स-३ मध्ये पारदर्शकता चालत नाही.

फोटो गिंपमध्ये सुधारून आरजीबीच ठेवा. छपाईसाठी पीडीएफ काढताना स्क्रायबस ते बदलतं. घोस्टस्क्रिप्ट (स्क्रायबसला लागणारं मोफत पूरक सॉफ्टवेअर) टाकलेलं असेल तर 'आउटपुट प्रिव्ह्यू'मध्ये चारही प्लेट वेगवेगळ्या दिसतात. सी, एम, वाय बंद करून बघा, मजकूर फक्त के वर पूर्ण दिसला पाहिजे. फाइल पाठवायच्या आधी हे रोजचं.

वेलांटी
अंकासाठी एक भर: १६० पानं एका फायलीत नको, स्क्रायबस जड होतं. १६ पानांच्या फॉर्मनुसार (एकत्र छापायच्या पानांचा गट) दहा फायली करा आणि प्रत्येक लेखाच्या चौकटींची साखळी वेगळी ठेवा. सगळा अंक एका साखळीत ओवला तर एक शब्द बदलला तरी मशीन विचार करत बसतं.

चौकटराजा
स्क्रीनच्या पत्रिकांना हे सीएमवायकेचं त्रांगडं लागूच नाही. प्रत्येक शाईसाठी स्क्रायबसमध्ये एक स्पॉट रंग करा (उदा. 'सोनेरी', 'मरून') आणि छापताना सेपरेशन निवडा. ट्रेसिंग पेपरवर प्रत्येक रंगाचं काळं पान वेगळं येतं. दोन रंग जिथे भिडतात तिथे हलक्या रंगाला अर्धा पॉइंट जादा रेघ द्या, नाहीतर मध्ये कागदाची पांढरी फट दिसते.

फ्लेक्सला स्क्रायबसचीही गरज नाही. १० बाय ६ फुटांना ७२ डीपीआय पुरतं, म्हणजे ८६४० बाय ५१८४ पिक्सेल. ८ जीबीवर गिंपमध्ये पाच-सहा थरांपुढे जाऊ नका. अक्षरं इंकस्केपमध्ये, फक्त चेहरे गिंपमध्ये.

टाइपपेटी
जुन्या पीएसडीतल्या (फोटोशॉपच्या फायलींतल्या) अक्षरांना लेयर स्टाइल (सावली, उठाव वगैरे) आहेत, त्या गिंपमध्ये नीट येत नाहीत.

चौकटराजा
त्या फोटोपीत उघडा, ब्राउझरमध्ये चालतं आणि बहुतेक स्टाइल जशाच्या तशा दाखवतं. तिथे थर सपाट करून पीएनजी घ्या. मुदत आहे तोवर महत्त्वाच्या पन्नासेक फायली फोटोशॉपमधूनच सपाट करून ठेवल्यात तर तेही लागणार नाही.