मदत हवी आहे : मावशीचं लग्न आणि पेन्शनचा घोळ

नमस्कार मंडळी. माझी मावशी, वय ६१, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. काका कारखान्यात होते, त्यांच्या मागे तिला ईपीएस-९५ची (भविष्य निर्वाह निधीवाल्यांची कर्मचारी पेन्शन योजना) विधवा पेन्शन मिळते. आता ती पोस्टातून निवृत्त झालेल्या एका विधुर गृहस्थांशी लग्न करतेय. (दोघांची मुलं खूश, नातेवाइकांचं विचारू नका.)

पुनर्विवाह झाला की ईपीएसची पेन्शन बंद, हे माहीत आहे. हजार-बाराशेच आहेत, तिची हरकत नाही. तिची स्वतःची पेन्शन नोकरीची, तिला लग्नाने धक्का लागत नाही.

प्रश्न पुढचा. केंद्राच्या नियमांत निवृत्तीनंतर लग्न केलेल्या पत्नीलाही कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. त्यासाठी त्या गृहस्थांच्या पीपीओवर (पेन्शन मंजुरीचा आदेश) तिचं नाव चढवायचंय. हे कुणी केलंय का? अर्ज शेवटच्या ऑफिसात की बँकेत? विवाह नोंदणीच्या दाखल्यासोबत पहिल्या पत्नीचा मृत्यूदाखला लागतो का?

आणि ईपीएसला लगेच लेखी कळवायचं ना? हयातीच्या पुढच्या दाखल्यापर्यंत थांबून वसुली निघायला नको. ओळखीतल्या एकाने सुचवलं, "देवळात हार घाला, नोंदणी कशाला!" मावशीने त्याचा चहाच उचलून नेला.

अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा, लग्न पुढच्या महिन्यात आहे.